राखण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लेंगाची झाडं पेटतात.
इथे दक्षिणेत ऋतू उलटे चालतात.
डोंगर लाल झाला की मी फेरीबोटीच्या तिकीट-खिडकीला
तीन दिवसांचं कुलूप घालते, तुला हाक मारते.
यंदा तीनदा मारली.
मग फळीवर पाय आपटला. तिची थरथर
तुझ्या पोटाला कळली, आणि तू उठलास
एकेक पाय आठवत.

टिझोन. म्हणजे कोलीत, अर्धं जळलेलं लाकूड.
पिल्लू होतास तेव्हा अगदी तसाच :
काळाकुट्ट, छातीवर विझत आलेला तांबूस ठिपका.
आता तोंडावर राख चढलीय.

"म्हातारं कुत्रं आणि ठिगळाचा तंबू,"
लाकूडगिरणीतला आबेलिनो म्हणाला,
"दोन्ही घरीच बरी."
आणि त्यानेच तुला गाडीत ठेवलं,
अंड्यांची टोपली ठेवावी तसं, जपून.
मी बघत नाही असं समजून
खिशातला चीजचा तुकडाही दिला.

तळ्याकाठची तीच जागा.
खुंट्या ठोकताना जमिनीने जुनी भोकं दाखवली.
किटलीत पाणी, मातेची कडू पानं, बोटांना धुराचा वास.
वारा आला की झाडं एकदम मोकळी होत,
आणि तुझ्या पाठीवर एकेक पान येऊन बसे.
तू झटकत नव्हतास.
पूर्वी प्रत्येक पानाशी तुझं भांडण असायचं.

पूर्वी तू तंबूतही यायचा नाहीस.
दाराशी, दोरीला पाठ लावून,
एक कान तळ्याकडे, एक माझ्या श्वासाकडे.
अकरा वर्षं मी निर्धास्त झोपले
ती त्या दोन कानांच्या जिवावर.
या वेळी उजेड असतानाच तू आत शिरलास,
माझ्या झोपायच्या पिशवीवर तीन गिरक्या घेतल्यास
आणि पसरलास. मला उरली कड.
मी काही बोलले नाही.
बोलून उपयोगही नव्हता.

रात्री गोठलेल्या गवतावर
काहीतरी चाललं.
थांबलं. पातेल्याचं झाकण वाजलं.
पूमा असेल. नसेल. रानडुक्कर असेल.
मी वाट पाहत राहिले
तुझ्या भुंकण्याची, सवयीने,
जशी वीज गेलेल्या घरात आपण बटण दाबतो.
तू घोरत होतास. मागचा पाय हलत होता;
स्वप्नात मेंढ्या वळत असशील, ऐकू येणाऱ्या मेंढ्या.

तेव्हा मी गुडघ्यांवर आले,
चेन उघडली, डोकं बाहेर काढलं
आणि भुंकले.

पहिलं भुंकणं खोकल्यासारखं निघालं.
दुसरं बरं होतं.
तिसरं मी तुझ्याकडून उसनं घेतलं,
घाटात बैल आडवा आला होता त्या दिवसाचं,
बेंबीच्या देठापासून.
झाकण घरंगळलं, झुडपं मोडत काहीतरी पळालं,
आणि पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी तंबूत
दिवा लागला.
तू कूस बदललीस.
पिशवी आणखी थोडी तुझी झाली.

सकाळी तू बाहेर आलास, हिमावरचे ठसे हुंगलेस,
कोल्ह्याचे होते, लहानसे, गडबडीतले.
त्यांच्यावर मागचा पाय वर केलास
आणि माझ्याकडे असं पाहिलंस
जणू मी नुसतीच घाबरते.

दुपारी पलीकडचा मासेमार आला, एवारिस्तो नावाचा,
हातात दोन ट्राउट, एक आमच्यासाठी.
"खमकं आहे हो तुमचं कुत्रं," म्हणाला,
"काय आवाज! या वयात!"
"हो," मी म्हटलं, "राखणीला पक्का आहे."
त्याने तुझ्या कानामागे खाजवलं.
तू डोळे मिटून
सगळं श्रेय घेतलंस.

सोमवारी खिडकीवर माझा घसा बसलेला.
"गारठा बाधला वाटतं?" सुट्टे पैसे मोजत लोक विचारतात.
मी नुसती मान हलवते,
तिकिटं फाडते.
टेबलाखाली, माझ्या बुटांवर हनुवटी टेकून
तू बोटीच्या भोंग्यातही झोपलेला.